पाणी मारलेला कोपरा

आमच्या घरासमोरचा ड्राइव्हवे उखडून नवा करायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो की या एका विषयात तरी मला कोणी शिकवायला नको. माझं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मी पस्तीस वर्षं पुलांची डिझाइनं केली. लोखंड किती, सिमेंट किती, जाडी किती, हे सगळं आधी कागदावर आणि मग स्क्रीनवर मांडत आलो. फक्त ओल्या काँक्रीटला कधी हात लावला नव्हता. ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे आणि बायको ती कधी विसरत नसे.

रिटायर झाल्यावर आम्ही तिथलं आमचं श्रूजबरी गाव सोडून अ‍ॅरिझोनात आलो. बर्फ उपसून उपसून माझी कंबर कामातून गेली होती आणि बायकोला ऊन हवं होतं. ते मिळालं, म्हणजे मागितलं त्याच्या चौपट मिळालं. फिनिक्सच्या या भागात जूनमध्ये गाडीच्या दाराला हात लावताना कापड धरावं लागतं आणि बागेतल्या पाइपमधून पहिली दोन मिनिटं चहाचं पाणी येतं. तरी आम्ही खूश होतो. तक्रार एकच होती, ड्राइव्हवेची. तो तीन ठिकाणी फुटला होता आणि मेलबॉक्सजवळचा तुकडा बोटभर वर आला होता. तिथेच एका सकाळी बायको अडखळून पडली आणि तिचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. त्या सहा आठवड्यांत मी केलेल्या पोळ्यांबद्दल ती अजूनही बोलत नाही, हा तिचा मोठेपणा.

काम द्यायचं कुणाला, हा प्रश्न नव्हता. श्रूजबरीतल्या आमच्या डॉक्टरांची मुलगी इथेच ड्राइव्हवे करते. डॉक्टर म्हणजे माझा चाळीस वर्षांचा मित्र. मी त्याला अरे-तुरे करतो, पण त्याच्याविषयी बोलताना 'डॉक्टर' म्हणायची सवय सगळ्या गावालाच आहे, तशी मलाही. हृदयाचा डॉक्टर, नावाजलेला. मुलगी एकुलती एक. आमच्या बेसमेंटमध्ये रविवारची मराठी शाळा भरायची, तिथे ती 'ज्ञ' काढायला शिकली. पुढे मेडिकलला गेली आणि दुसऱ्या वर्षी ते सोडून देऊन अ‍ॅरिझोनात एका काँक्रीटवाल्याकडे कामाला लागली. आता तिचं स्वतःचं लायसन्स आहे, ट्रक आहे, हाताखाली दोन माणसं आहेत.

डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही, नातंही तोडलं नाही. वाढदिवसाला फोन करायचे. तिची आई दर हिवाळ्यात इकडे यायची, पण डॉक्टरांना नेमकी तेव्हाच हॉस्पिटलची ड्यूटी असायची. कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर ते सांगायचे, ती अ‍ॅरिझोनाला असते. जणू अ‍ॅरिझोनात असणं हाच व्यवसाय. ऐकणाराही समजून पुढचं विचारत नसे.

मी तिला काम दिलं ते थोडं मायेपोटी आणि थोडं उपकाराच्या भावनेनं, हे कबूल करतो. ती आली, फुटलेल्या तुकड्यावर बूट आपटून पाहिला, झाडांना पाणी देणाऱ्या नळीचा व्हॉल्व बंद करायला लावला आणि दहा मिनिटांत सांगितलं की नळी जमिनीखाली गळतेय, त्यामुळे माती फुगली आणि वरचा थर उचलला गेला. त्यात पहिल्यांदा काम केलं तेव्हा माती नीट दाबलीच नव्हती. काँक्रीट बिचारं बिनदोष होतं. माझ्या उपकाराची तिला काही गरज नाही, हे मला तिथेच कळलं.

मग चार दिवस तोडफोड झाली. जुनं उचललं, खाली खणलं, खडी टाकली आणि दाबायचं मशीन असं फिरवलं की स्वयंपाकघरातल्या वाट्या मांडणीवर नाचल्या. मी मध्ये जाडीचा आणि लोखंडाचा चार पानी हिशेब तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला, थँक यू काका म्हणाली आणि घडी करून खिशात ठेवला. नंतर ती चार पानं मला तिच्या ट्रकमध्ये कॉफीच्या कपाखाली दिसली.

थंड प्रदेशात आम्ही काँक्रीट गोठू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचो. इथे सगळं उलट आहे. उन्हानं आणि कोरड्या वाऱ्यानं वरचं पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की आतलं अजून ओलं असतानाच वर भेगा पडतात. म्हणून काँक्रीटचा ट्रक पहाटे चारला बोलवायचा, त्यातल्या पाण्यात बर्फ घालायला सांगायचं, आणि आदल्या संध्याकाळी खालची जमीन भिजवून ठेवायची, म्हणजे ती तहानलेली राहत नाही. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. तिला ते हातांना माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी जमीन भिजवून झाल्यावर ती कडेच्या दगडावर बसून बायकोनं केलेले पोहे खात होती. खाता खाता म्हणाली, दिवाळीत बाबा येतायत. फर्स्ट टाइम. डॉक्टर वसंतात रिटायर झाले होते आणि ड्यूटीची सबब संपली होती. मी म्हणालो, अरे वा. तिनं रिकामी डिश खाली ठेवली.

"त्यांनी माझं काम कधी पाहिलंच नाहीये, काका. तुमच्याकडे उतरतील, म्हणजे पहिलं हेच दिसेल त्यांना. इट हॅज टु बी गुड."

मग तिनं मला एक नियम सांगितला. काँक्रीटवर वरून पाणी मारायचं नाही. कितीही सुकल्यासारखं दिसलं तरी नाही, आणि कोणीच नाही. मी म्हणालो, अगं, हे मला सांगतेस? हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

आता हे पाणी मारणं आपल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. आमच्याकडे कुणाचा स्लॅब पडला की शेजारीपाजारी, भाजीवाली, पोस्टमन, सगळे एकच विचारतात, पाणी मारलं का? घराचा मालक सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा. ते पाणी मारायचं असतं काँक्रीट पक्कं बसल्यावर, दुसऱ्या दिवसापासून. ओलं असताना, वरून घोटून सपाट करताना पाणी घातलं तर वरची साय पातळ होते आणि पुढे पापुद्रा उडतो. फरक एवढाच आहे, पण सगळा फरक त्यातच आहे.

पहाटे बायकोनं कडेला छोटीशी पूजा केली. हळदकुंकू, फूल, पाण्याचा तांब्या. कडेच्या दगडावर नारळ फोडला आणि खोबरं-साखर त्या दोघा कामगारांच्या हातावर ठेवली. त्यांनी ते इतक्या सहज खाल्लं की बहुतेक या मुलीच्या कामावर रोजच नारळ फुटत असावा. मग ट्रक आला, त्याचं पोट गडगडत फिरू लागलं आणि राखाडी लोंढा खाली उतरला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ती त्यात उभी होती. लांब फळीनं ओढत होती, मागे सरकत होती, दोघांना एका शब्दात काय हवं ते सांगत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि माझ्या पस्तीस वर्षांचा थोडा रागही आला.

साडेपाचला समोरच्या छपरावरून ऊन आलं. ती आणि तिची माणसं गॅरेजकडच्या टोकाला होती. मी मेलबॉक्सच्या कोपऱ्याजवळ पहारा करत उभा होतो. पहारा करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत निस्तेज झाला. मगाशी चकाकत होता, तो आता कोरड्या ओठासारखा दिसायला लागला. माझ्या हातात पूजेचा तांब्या होता, अर्धा भरलेला. मला आजही सांगता येणार नाही की मी काय विचार केला. विचार केलाच नसावा. तुळशीला घालावं तसं मी तांब्यातलं पाणी त्या कोपऱ्यावर शिंपडलं, शेजारी पडलेलं घोटायचं लाकडी हत्यार उचललं, गुडघे टेकले आणि हळूहळू फिरवलं. काय सुंदर चकाकी आली. इतकं समाधान मला एकाही पुलानं दिलं नव्हतं.

एका कामगारानं माझ्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या आणि मान फिरवली. दहा मिनिटांनी ती आली, म्हणाली, हा कॉर्नर बरा राहिलाय, आणि पाय घसरू नये म्हणून वरून लांब झाडू ओढून रेघा काढल्या. मी मूग गिळून गप्प बसलो. नंतर तिनं सगळ्यावर पांढरं औषध फवारलं, आतला ओलावा उडू नये म्हणून. दुपारी करवतीनं सांधे कापून सगळ्याचे चौकोन पाडले आणि बजावून गेली की सात दिवस गाडी आणायची नाही. काम झकास झालं होतं. बायको प्लास्टर निघालेल्या हातानं रोज पत्र आणायला जायची, पत्र असो वा नसो.

ऑगस्टमध्ये त्या कोपऱ्यानं तोंड उघडलं. हात फिरवला की बोटांना पिठासारखी पूड लागायची आणि नीट पाहिलं की केसाएवढ्या भेगांचं जाळं दिसायचं. बाकी सगळा ड्राइव्हवे ठणठणीत, एवढा एकच चौकोन आजारी. मी तिला फोन केला नाही. ती स्वतःच एकदा जाता जाता थांबली, तेव्हा तिला दिसलं. गुडघे टेकून बराच वेळ पाहत बसली. म्हणाली, माझंच चुकलं. सकाळी वारा होता, मी इकडे आधी यायला हवं होतं.

मी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, अगं, कुणाला दिसणार आहे? हे वाक्य मी बोललो याची मला अजून लाज वाटते. मी तिचा काका, सीनिअर इंजिनिअर, तिला ज्ञ शिकवणाऱ्या घरातला माणूस, आणि माझी चूक ती स्वतःच्या डोक्यावर घेत असताना मी ती घेऊ दिली. तिला तो चौकोन फोडून नवा करायचा होता, पण एका शाळेचं मोठं काम हातात होतं, नोव्हेंबरपर्यंत वेळ नव्हता. आणि दिवाळी त्याआधी होती.

बायकोनं त्या पहाटे खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तिनं एवढंच विचारलं की तुम्ही सांगताय की मी सांगू. मी म्हणालो, दिवाळीच्या आत सांगतो. सांगितलं नाही. त्याऐवजी मला एक अक्कल सुचली. डॉक्टर यायच्या दिवशी त्या कोपऱ्यावर मोठी रांगोळी काढायची. दिवाळीच आहे, कुणाला काय संशय येणार?

बायको रांगोळीचे डबे घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "ही मी दिवाळीची काढतेय. तुमची नाही."

रांगोळी फर्मास झाली. गर्द गुलाबी, हिरवी, मध्ये कमळ. संध्याकाळी मुलगी ट्रकमधून वडिलांना विमानतळावरून घेऊन आली. डॉक्टर रांगोळीला वळसा घालून आत आले, वहिनी, काय रांगोळी आहे, म्हणाले. चकली खाल्ली, माझी शुगर विचारली, विमानातल्या सीटला नावं ठेवली. ड्राइव्हवेबद्दल एक अक्षर नाही. ती समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती आणि मी माझ्या ताटाकडे.

सकाळी उठलो तर वाऱ्यानं रांगोळी विस्कटली होती आणि बायकोनं उरलेली झाडून टाकली होती. पावडर गेली, पण रंग भेगांमध्ये जाऊन बसला होता. आधी वाकून पाहावं लागायचं ते जाळं आता गुलाबी शाईनं काढल्यासारखं दारातूनही दिसत होतं. गणिताच्या मास्तरांनी वही तपासून ठेवावी तसं. आणि चहाचा कप घेऊन डॉक्टर नेमके तिथेच उभे होते. मी पोचेपर्यंत मुलीचा ट्रकही आला. ती नाश्त्याला येणार होती. उतरली आणि वडील कुठे बघतायत ते पाहून जागच्या जागी थांबली.

डॉक्टर खाली बसले. नखानं खरवडलं, पूड बोटांत चोळली. मग रोग्याची छाती वाजवून पाहावी तसं त्या चौकोनावर बोटांनी वाजवलं, शेजारच्या चौकोनावर वाजवलं.

"पाणी मारून रंधा फिरवलाय," ते म्हणाले. मग मान वर करून मुलीला विचारलं, "तू केलंस?"

"नो, बाबा. मी असं कधीच करत नाही."

"मग कुणी केलं?"

या प्रश्नाला बगल देणं आता मलासुद्धा शक्य नव्हतं. मी म्हणालो, मी केलं. आणि मग सगळंच सांगितलं. तांब्या, कोपरा, कामगाराच्या भुवया, ऑगस्टमधलं माझं ते वाक्य, रांगोळीची अक्कल. काही वगळलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी आयुष्यात बऱ्याच साहेबांची बोलणी खाल्ली आहेत, पण असं कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, ऑगस्टपासून मी रोज विचार करतेय की माझं काय चुकलं."

मी तिला म्हणालो, माफ कर. तिनं वाकून त्या भेगांवरून बोट फिरवलं. थोड्या वेळानं तिनं मान हलवली. मग एकदम काहीतरी लक्षात आल्यासारखी वडिलांकडे वळली. बाबांना हे कसं कळलं, आणि रंधा म्हणजे काय, असं तिनं विचारलं.

डॉक्टरांनी कप कडेच्या दगडावर ठेवला. उजवा हात पुढे करून हवेत अर्धगोल काढला, एकदा, दोनदा, मनगट किंचित उचलून. मी तो हात चाळीस वर्षं ओळखतो. त्या हाताला हे येतं हे मला माहीत नव्हतं.

"माझे वडील गवंडी होते," ते म्हणाले.

आम्हा सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की वडील कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होते. आम्हीही समजून पुढचं विचारलं नव्हतं. उभ्या उभ्या त्यांनी थोडंच सांगितलं. सिमेंटनं वडिलांचे तळवे फुटलेले असायचे आणि जेवताना आमटी झोंबायची. मुलानं कधी थापी हातात धरायची नाही, एवढीच त्यांची अट होती. सुट्टीत वडिलांच्या कामावर जाऊन डॉक्टरांनी ती चोरून धरली होती, तेवढीच. मुलगी मेडिकल सोडून सिमेंटमध्ये गेली तेव्हा त्यांना वाटलं, वडिलांना आपण काय तोंड दाखवणार. वडील जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी असं वाटलं.

ती ट्रककडे गेली आणि घोटायचं ते लाकडी हत्यार घेऊन आली. डॉक्टरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"डावीकडे झिजलाय. मनगट दाबतेस तू."

"आय नो," ती म्हणाली आणि हसली. मग तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, रंधा.

डॉक्टर चप्पल काढून गॅरेजपर्यंत चालत गेले आणि परत आले. प्रत्येक सांध्यापाशी थांबले. परत आल्यावर म्हणाले, बाकी काम सरळ आहे. त्यांच्या तोंडून मी एवढं कौतुक एका बायपासनंतरसुद्धा ऐकलेलं नाही.

परतीचं तिकीट त्यांनी पुढे ढकललं. तिनं एक सकाळ रिकामी काढली, तो चौकोन फोडला आणि दोघांनी मिळून नवा भरला. हवा छान गार होती, बर्फाची गरज नव्हती. डॉक्टर माझी जुनी पँट घालून फळीवर गुडघे टेकून बसले होते आणि ती उभी राहून त्यांना सांगत होती, बाबा, अजून नाही, वेट, अजून थोडं सुकू दे. ते थांबत होते. मला खुर्ची दिली होती आणि खुर्चीतून उठायचं नाही असं सांगितलं होतं. बायकोनं पूजेचा तांब्या कपाटात कुलूप लावून ठेवला आणि मला किल्ली दाखवली. मी फार वर्षांत इतका सुखात बसलो नव्हतो.

तो चौकोन शेजारच्यांपेक्षा जरा गडद आहे आणि त्यावरच्या रेघा थोड्या वाकड्या आहेत. तिनं त्या सरळ केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून सांगितलं, काका, आता मारा पाणी. मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभा राहिलो.

डिसेंबरात श्रूजबरीहून डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकला, म्हणून मलाही ऐकू आलं. कुणाकडे तरी जेवण होतं आणि नव्या आलेल्या एका कुटुंबानं डॉक्टरांना विचारलं की तुमची मुलगी काय करते. तिला वाटलं आता नेहमीचं उत्तर येणार, म्हणून ती भात वाढून घ्यायला वळली. तर मागून डॉक्टरांचा आवाज आला, "गवंडी आहे. मध्ये एक पिढी खंड पडला होता."